तिसऱ्या बेसवरच्या मुंग्या

टिल्बरी, आर्कान्सा
जूनचा पहिला सोमवार

आदरणीय मोझेलताई,

ऑर्व्हिलचा मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या ख्रिसमसला जिना उतरताना तुम्ही माझ्या नावानं ओरडला होतात (मी तेव्हा अंगणात होतो, जिन्याशी माझा काडीचा संबंध नव्हता, पण असो), तेव्हापासून त्या गुडघ्यांची काळजी लागून राहिली आहे. समुद्राची हवा मानवते ना? मांजर बरं आहे ना? इकडे आम्ही ठणठणीत. नेल्डा मजेत आहे. आणि माझं तर काय विचारता! ताई, मी जिंकलो!

होय, जिंकलो. उभ्या असाल तर बसून घ्या. क्विल क्रीक कॉलेजचा बेसबॉलचा संघ यंदा विभागात अजिंक्य ठरला. आणि त्या संघाचा प्रशिक्षक, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा, ज्याच्याबद्दल तुम्ही लग्नाच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला होतात की हा बाबा जन्मभर पोरांच्यात खेळत बसणार, त्याला त्याच पोरांनी खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवलं. (वाटेत दोनदा खाली ठेवावं लागलं. पण उचललं, हे महत्त्वाचं.) फोनवरच सांगितलं असतं, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि नेल्डाही सदा स्वयंपाकघरात असते. तिच्यासमोर बोलता येणार नाही असं थोडं काही आहे. ते पुढे येईलच.

तुम्हाला आठवत असेलच, लग्नाच्या वर्षीच मी नेल्डाला शब्द दिला होता. ज्या वर्षी अजिंक्यपद मिळेल त्या वर्षी बेसबॉल सोडायचा आणि तुमच्या शेजारचं ते निळ्या खिडक्यांचं घर घेऊन समुद्राकाठी राहायचं. शब्द देताना मला वाटलं होतं, फार तर दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. मग केस गेले, पोट आलं, पोरीचं लग्न झालं, नातवंडं झाली, पण अजिंक्यपद काही येईना. दर वसंत ऋतूत नेल्डा सामान बांधायची खोकी माळ्यावरून काढायची आणि दर मे महिन्यात मुकाट्यानं परत वर ठेवायची. खोकी ठेवताना जरा आपटायची, एवढंच.

आता माझ्या कारकिर्दीबद्दल तुमचे गैरसमज पुष्कळ आहेत, ते या निमित्तानं दूर करतो. मला कॉलेजनं मुळात मुलांना गाडी चालवायला शिकवण्यासाठी नोकरीवर घेतलं होतं. आधीचा बेसबॉलचा प्रशिक्षक ऐन हंगामात बँडवाल्या बाईबरोबर पळून गेला, आणि प्राचार्यांनी खिडकीतून पाहिलं तर अंगणात शिट्टी गळ्यात असलेला मी एकटाच. झालो प्रशिक्षक. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. दुसऱ्या वर्षी एक जिंकलो, तोही समोरच्या संघाची बस चिखलात रुतली म्हणून. पण हळूहळू नाव झालं. तुम्ही ज्यावरून अजून हसता त्या पिकानच्या, त्या अक्रोडासारख्या झाडाचंही खरं ते ऐका. पंचानं मला मैदानाबाहेर हाकललं, हे खरं. मी कुंपणाबाहेरच्या झाडावर चढून तिथून खुणा केल्या, हेही खरं. पण फांदी मोडली ती वाळवीमुळे. आणि पडता पडतासुद्धा मी जी खूण केली ती बरोबर होती!

खुणांचं महत्त्व तुम्हाला नाही कळायचं. आमच्या खेळात प्रशिक्षकही पोरांसारखाच गणवेश घालतो (तो मला कुठे कुठे तंग होतो यावर तुम्ही पूर्वी बोलून झाला आहात) आणि तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्याच्या घरच्या बेसआधीच्या शेवटच्या टप्प्याजवळ, उभा राहून आपल्या खेळाडूंना खुणा करतो. टोपीला हात लावला तर थांब, पट्ट्याला लावला तर पळ, नाक चोळलं तर बॅटनं चेंडू नुसता हलकेच टेकव. मी पहिल्या वर्षी ठरवलेल्या खुणा आजवर बदलल्या नाहीत. माणसाला काही तत्त्वं असावीत. आता या खुणा बेथेल रिज कॉलेजच्या डॉयललाही पाठ आहेत. माझ्याच हाताखाली शिकून तो तिथं प्रशिक्षक झाला आणि दर वर्षी मलाच हरवू लागला. मी नाकाकडे हात नेला की त्याची पोरं आधीच पुढे सरकून उभी! पण यंदा डॉयलचं डोकं फिरलेलं दिसलं. मी थांब म्हणावं, त्यानं खुशाल निश्चिंत व्हावं, आणि आमच्या पोरानं सुसाट पळत सुटावं. असं हंगामभर चाललं. वय कोणाला चुकलंय! माझी पोरंही यंदा काही वेगळीच होती. माझ्याकडे सरळ बघायचीच नाहीत, नजर सारखी माझ्या डोक्यावरून पलीकडे. आदर असला की असं होतं, डोळ्याला डोळा देववत नाही.

जिंकत असताना काही बदलायचं नाही, हा आमचा नियम. मोजे धुवायचे नाहीत. (नेल्डा ते चिमट्यानं उचलून मागच्या ओसरीत ठेवते.) पांढऱ्या रेघेवर पाय द्यायचा नाही. जिथे उभं राहून जिंकलो तिथेच उभं राहायचं. नेल्डाही प्रेक्षकांत तिसऱ्या बेसच्या मागे, माझ्या बरोबर पाठीशी, एकाच बाकावर बसली. मार्चमधल्या हाडं गोठवणाऱ्या वाऱ्यात पांघरूण गुंडाळून बसली होती, तरी हातात चर्चमधला तो पुठ्ठ्याचा पंखा चालूच. (बायकांना या वयात उकडतं म्हणतात. मी विषय काढला नाही.)

अंतिम सामना डॉयलशीच, आमच्या मैदानावर. सकाळी मैदान सांभाळणारा लेस्टर धावत आला. म्हणाला, "कोच, तुम्ही उभे राहता ना, बरोबर तिथेच तांबड्या मुंग्यांनी घर केलंय. औषध मारू?" मी कडाडलो, "खबरदार! ती माती जिंकून देतेय. तिचा कणही हलवायचा नाही!" लेस्टर माझ्या पायांकडे बघून नुसता चुकचुकला.

शेवटच्या डावापर्यंत मुंग्यांनी मला काही केलं नाही. दोन्ही संघ बरोबरीत. आमचा क्लेटन हूपर तिसऱ्या बेसवर, म्हणजे माझ्यापासून हाताच्या अंतरावर. तो तिथून घरच्या बेसला पोहोचला की अजिंक्यपद. माझा विचार पक्का होता, थांबायचं, घाई करायची नाही. मी टोपीला हात लावायला उचलला आणि ताई, त्याच क्षणी पहिली मुंगी गुडघ्याच्या वर चावली. मग सगळ्यांनीच मनावर घेतलं. मी टोपी बडवली, पट्टा बडवला, नाक चोळलं, पाठ खाजवली, आणि मग जिथे कुठे हात लावला त्या जागांना आमच्यात खुणाच ठरलेल्या नाहीत. समोर डॉयल उभा राहून ओरडत होता, "थांब म्हणतोय! नाही, पळ म्हणतोय! अरे, हा म्हणतोय तरी काय?" त्याचा चेंडू टाकणारा पिचर एकदा माझ्याकडे बघे, एकदा डॉयलकडे. क्लेटननं माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि पिचरनं हात उचलताच धूम ठोकली. पोटावर घसरत, धुरळा उडवत तो घरच्या बेसला भिडला. पंचानं दोन्ही हात पसरले. जिंकलो!

मी रडलो, ताई. मुंग्यांमुळे नाही. सगळं टिल्बरी मैदानात उतरलं, आणि मागे वळून पाहिलं तर नेल्डा बाकावर उभी राहून कोणाही पोरापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. तिला इतकं खुशीत मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी क्लेटनला नंतर विचारलं, पोरा, पळालास कशावरून? म्हणाला, "खूण मिळाली की, कोच." आणि खाली मान घालून हसला. भला मुलगा आहे. सारं गाव म्हणतंय, ऑर्व्हिलनं वेड्याचं सोंग घेऊन डॉयलला गंडवलं. मी नाही म्हणत नाही. तुम्ही घरच्या म्हणून खरं सांगितलं.

तर अशी ही माझी कीर्ती. गुडघ्यांना जपा.

तुमचा,
ऑर्व्हिल प्रुएट
(अजिंक्य)

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. विजयाच्या जेवणात तळलेले मासे झाले, मक्याचा पाव झाला, आणि प्राचार्य भाषणाला उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही डोळ्यांत पाणी, सगळे उभे राहून टाळ्या वाजवताहेत, आणि त्यांनी पुढे सरकवलेल्या आणखी दोन वर्षांच्या करारावर सही कशी झाली मला कळलंच नाही. पेन त्यांचं होतं. नेल्डा तेव्हा आत पीचचा केक कापत होती, तिला पत्ता नाही. ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. तेव्हा कृपा करून तिला लिहा की ते निळ्या खिडक्यांचं घर विकलं गेलं. किंवा वादळात छप्पर उडालं म्हणा. तुमच्याकडे वादळं होतात ना?

ता. क. २. जरा लवकर लिहा. खोकी खाली आली आहेत. बशा बांधून झाल्या, काल मी झाकणीत जेवलो. ती बांधता बांधता गाणं गुणगुणते आहे, आणि मी तिच्या हाती गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं देतो आहे. तिला फसवायला मला बरं वाटतंय असं समजू नका.

ता. क. ३. टपालाची तिकिटं घरात कुठे असतात ते मला ठाऊक नाही, म्हणून नेल्डाकडूनच लावून घेतो आहे. काळजी नको, पाकीट मी स्वतः घट्ट चिकटवणार आहे.

ताई, मी नेल्डा. पाकीट खरंच घट्ट होतं, चहाच्या किटलीवर धरावं लागलं.

सहीचं मला त्याच रात्री कळलं. केक कापत होते, बहिरी नव्हते. याला एवढंच सांगू नकोस: त्याच्या खुणा पोरांनी बघणं कधीच सोडलंय. डॉयलला पाठ, डॉयलच्या बायकोलासुद्धा पाठ! फेब्रुवारीत क्लेटन आणि सगळी पोरं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, म्हणाली, मावशी, तुम्हीच काहीतरी करा. इतकी वर्षं त्या लोखंडी बाकावर बसून याला हरताना बघितलं, खेळ मलाही कळायला लागलाच होता. पंखा हलला तर पळ, मांडीवर ठेवला तर थांब. समुद्र हवा होता म्हणून हे करायला घेतलं, अगदी खरं सांगते. पण क्लेटन घसरत घरी पोहोचला ना, तेव्हा समुद्र माझ्या डोक्यातही नव्हता.

घर ठेव आमच्यासाठी. बशा त्यासाठीच बांधल्यात. या शुक्रवारी येतो आणि पोटभर समुद्र बघतो. तो वाटभर छप्पर-वादळ असं काहीबाही बोलेल, बोलू दे, सहीचं मला ठाऊक आहे हे मी त्याला जानेवारीपर्यंत सांगणार नाही. फेब्रुवारीत मात्र परतायला हवं, सराव सुरू होतो. त्याला मुंग्यांचंच खरं वाटू दे, त्या माणसानं फार वाट पाहिली आहे.

आणि तुमच्या चर्चमधले पंखे आमच्याहून मोठे असतात ना, त्यातला एक काढून ठेव. माझा शेवटच्या धावेला फाटला.