दुसरी प्रत

सोमवार, ७ सप्टेंबर १९९८

शी! साबणानं दोनदा हात धुतले, तरी बरं वाटेना.

सकाळी ऑफिसात मानसिंग नावाचे साहेब आले. सरकारी शिक्क्याचं पत्र, सफारी, खिशात बडीशेपेची डबी. जयतीर्थ सरांनी – आमची ई-मेल कंपनी त्यांचीच – स्वतः उठून खुर्ची दिली. मे महिन्यातल्या अणुस्फोटांपासून म्हणे परदेशी पत्रव्यवहारावर नजर आहे. आमच्या गिऱ्हाइकांतलं एक नाव त्यांना हवं होतं. भाग्यलक्ष्मी अक्का!

अक्का इंदिरानगरातच राहतात, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर. इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, एका प्रयोगशाळेच्या लायब्ररीत नोकरीला. पुण्याहून इकडं कानडी मुलखात येऊन मला दीड वर्ष झालं, काउंटरवर माझ्याशी मराठीत बोलणारं हे एकच माणूस.

काम अर्थात माझ्याकडे, मशीन मीच सांभाळते. अक्कांच्या खात्याच्या फायलीत एक ओळ घातली – येणाऱ्या प्रत्येक पत्राची दुसरी प्रत ‘स्टोअर२’ नावाच्या पेटीत. दोन मिनिटंही लागली नाहीत. वर सही घेतली माझी – कुठं बोलले तर नोकरी जाणार आणि खटलाही. सर कानडीत म्हणाले, “स्वल्प अॅडजस्ट माडी, शुभदा.” जरा सांभाळून घ्या! कुणाला सांभाळायचं?

बुधवार, ९ सप्टेंबर

मानसिंग पत्रं छापून घेतो आणि चहात बिस्किट बुडवत वाचतो. कागदावर चहाचे डाग.

सोमवार, १४ सप्टेंबर

आज मलाच बोलावलं. पत्रं मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. त्याला धड कळेनात. “मॅडम, आप पढ़िए.”

वाचली. काय करणार!

अक्कांची मैत्रीण अंजली जर्मनीत डॉक्टर आहे. तिच्या उत्तराखाली अक्कांचं मूळ पत्रही होतं. छातीत गाठ आहे. तीन सेंटिमीटर. “अजून घरी कुणाला सांगितलं नाही. यांना बीपी आहे.” मी वाचत होते आणि तो मान हलवत होता. “तीन सेंटीमीटर? ये किस चीज़ का नाप है?” सांगितलं. तर हसला! “कोड होगा, मॅडम. औरतों की बीमारी कौन चेक करता है?” आणि लाल पेन्सिलीनं गाठीखाली रेघ ओढली.

नवऱ्याला माहीत नाही. मला माहीत आहे. त्या नालायकालाही माहीत आहे. किळस येते – त्याची, आणि मी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं त्याचीही.

बुधवार, ३० सप्टेंबर

मानसिंग दसऱ्याला गावी गेला. दहा दिवस! मशीनची खोली फिनाइलनं पुसून घेतली.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

घोटाळा झाला, आणि तो माझ्याच हातून. ‘स्टोअर२’ उघडताना सवयीनं साध्या गिऱ्हाइकाइतकीच जागा दिली होती. अंजलीनं वैद्यकीय पुस्तकाची पानं स्कॅन करून पाठवली. साहेब गावी, पेटी रिकामी करणारं कुणी नाही. ती भरली, आणि मशीननं इमानदारीत अंजलीला कळवलं – ‘स्टोअर२’ची पेटी भरली आहे, पत्र पोचलं नाही. अक्कांना मात्र पत्र मिळालेलं! अंजलीनं अक्कांना लिहून विचारलं, हा स्टोअर२ कोण?

अक्का ते पत्र छापून घेऊन आल्या. काउंटरवर ठेवला. “शुभदा, माझी पत्रं आणि कोण वाचतंय काय ग? खरं सांग.”

“मशीनचा बिघाड आहे, अक्का.”

“सरी मग, ठीक आहे. तू म्हणतेस म्हणजे झालं. शुक्रवारी सुई घालून तपासणार आहेत. रिपोर्ट डॉक्टर थेट अंजलीला फॅक्स करणार, काय ते तीच मला कळवेल. ते पत्र हरवायला नको, एवढंच.”

पुढचं मला ऐकूच आलं नाही.

बुधवार, ७ ऑक्टोबर

सर भडकले. मी दुरुस्ती केली. आता पेटी कितीही भरली तरी पाठवणाऱ्याला कळणार नाही, निरोप फक्त मला येईल. पहिल्याच फटक्यात चाललं. आणि सांगू? क्षणभर मला आनंद झाला. काम नीट जमल्याचा! कसली बाई आहे मी.

शनिवार, १० ऑक्टोबर

ठरवून अक्कांच्या घरी गेले. सही गेली खड्ड्यात, सांगायचंच. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. “या, बसा. ती देवळात गेलीय. काही निरोप?” भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी म्हणाले, “काही नाही, सहज आले होते.” जिना उतरताना हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती. ती घरी पोचल्यावर वाटली.

बुधवार, १४ ऑक्टोबर

अंजलीचं पत्र आलं. गाठ साधी आहे. अक्कांच्या आधी मी वाचलं. रडले. मानसिंग परतलाय, म्हणाला, “तो फिर जर्मनी क्यों लिखती है?” नजर चालूच राहणार.

शनिवार, १७ ऑक्टोबर

अक्का नणंदेला घेऊन आल्या. अहल्याबाई, मुलगा अमेरिकेत. “हिचंही खातं इथंच उघड ग. इथली माणसं विश्वासाची, मी सांगते.” फॉर्म मीच भरला. त्या दोघी बाहेर पडल्या, तेव्हा मानसिंग अजून आलाही नव्हता.

अहल्याबाईंच्या फायलीतही ती ओळ घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं.