उजव्या डोळ्यातल्या लेन्सची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मेहुण्यांचं मत वेगळं आहे, पण ते त्यांना कोणी विचारलेलं नाही.

माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. फुटपाथवर चष्म्यांचे स्क्रू पिळण्यापासून सुरुवात केली. वडिलांकडून फक्त तिखट कान मिळाले, आणि ते वाटून देता येत नाहीत.

राहतं घर थोरल्या मुलाला. जिन्यातला दिवा तो कित्येक वर्षं 'उद्या' बसवतो आहे. आता स्वतःच्या घरात तरी बसवावा.

दुकान आणि लेन्सचा कारखाना यांतला माझा हिस्सा थोरला आणि धाकटी, दोघांना समान. कारखान्यात मेहुणे भागीदार आहेतच. त्यांना वेगळी म्हणून माझी आरामखुर्ची. आमच्याकडे आले की ते तिच्यात बसायचे आणि मी स्टुलावर.

आता मुख्य मुद्दा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात माझ्या उजव्या डोळ्यात बसवलेली लेन्स धाकट्या मुलीला मिळावी.

ती तिनेच आखलेली आहे. रुग्णालयात या नव्या लेन्सची रीतसर चाचणी झाली, तीत मी हट्टाने नाव घातलं होतं. लेन्सवर एकात एक बारीक गोल कंगोरे आहेत. त्यांचा क्रम एक, दोन, तीन, पाच, आठ अशा आकड्यांच्या माळेवरून घेतला आहे: मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. आमच्या घराण्यातही मागच्या दोघांच्या खोडी मिळूनच पुढचा जन्माला येतो, त्यामुळे मला ते लगेच पटलं. या क्रमामुळे प्रकाश दोन ठिकाणी जुळतो. मला हातातलं वर्तमानपत्र दिसतं, आणि समोरच्या गच्चीवरून ते फुकट वाचू पाहणारा शेजारीही.

मेहुणे म्हणाले, कंगोरे झिंगल्यासारखे दिसतात. कारखान्यात ही लेन्स काढायला त्यांनी साफ नकार दिला. "एका म्हाताऱ्याला दिसतं, हा काय पुरावा झाला? वर्षानुवर्षं डोळ्यात राहून कंगोरे टिकतात का, ते दाखव." मला हे झोंबलं, कारण ते बरोबर होतं.

मग एकदा धाकटी स्वयंपाकघरात नवऱ्याशी बोलताना ऐकली. "पुरावा बाबांच्या डोळ्यातच आहे रे. पण बापाला कसं सांगू, तुम्ही गेल्यावर ती मला द्या म्हणून?" रडत नव्हती, भांडी मात्र फार जोरात घासत होती.

म्हणून तिने न मागता देतो आहे.

थोरल्याला हे आवडलं नाही. "बाबा, माणसाला अख्खं तरी जाऊ द्या," म्हणाला. मी त्याला स्टीलचा गुडघा दाखवला, कवळी काढून टेबलावर ठेवली, आणि बोळक्यानेच विचारलं, अख्ख्यातलं उरलंय काय?

मृत्युपत्र उघडेपर्यंत डोळ्याचा मालक जाग्यावर राहत नाही. म्हणून एक प्रत डॉक्टरांकडे आधीच दिली आहे. नेत्रदान व्हावं, लेन्स मुलीला द्यावी. यात घरातलं कोणी आडवं आलं तर घर थोरल्याला न जाता मेहुण्यांना जाईल. म्हणजे पहाऱ्याला थोरला स्वतःच उभा राहील.

पोरी, कंगोरे शाबूत निघाले तर मामांना सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश बघू दे. झिजलेले निघाले तर तेही तसंच सांग. बाप वारला म्हणून आकडे गोड करू नकोस. मला छान दिसत होतं, ही साक्ष धरू नकोस. तुझ्या बाबतीत मी कधीच निःपक्षपाती नव्हतो.

सही: चष्मेवाला
साक्षीदार: ऑपरेशन करणारे डॉक्टर, गल्लीतला शिंपी (पूर्ण वाचून, दोन चहा घेऊन)
स्थळ: दुकानाचं काउंटर
तारीख: वकीलबाईंनी वर शिक्क्यात मारली आहे तीच