निळीचा ठिपका

११ जानेवारी १९७१

तिसगावला एस.टी.तून उतरलो तर हवेत हुरड्याचा वास. शाळा सुटल्यापासून, म्हणजे निवृत्त झाल्यापासून, मन असे हलके झाले नव्हते. इथल्या एका संस्थेच्या डुक्करपालनावर देखरेखीचे काम मिळाले आहे. यशया बैलगाडी घेऊन आला होता. जनावरांचे सगळे तोच पाहतो. त्याची बायको हन्ना माझे जेवण आणि धुणे करणार. कडुनिंबाखाली माझी खोली, समोर विटांचे कप्पे, त्यांत पांढऱ्या विलायती माद्या. वेताच्या काठीने पाठी खाजवत, जुन्या क्रमिक पुस्तकातली कविता म्हणत सगळ्या कप्प्यांतून फिरलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

“पहिल्याच दिशी वर्ग भरला की, मास्तर,” यशया म्हणाला.

मी त्यांना वृत्तांची नावे दिली. मालिनी, पृथ्वी, मंदाक्रांता.

१३ जानेवारी

मंदाक्रांता खात नाही. शेवगावहून डॉक्टर आले. तिच्या कुशीवर त्यांनी माझा हात फिरवला. बोटांना आधी फुगवटा लागला, मग डोळ्यांना दिसले: शंकरपाळ्यासारखे लाल चट्टे. म्हणाले, हा रोग बोटाला आधी कळतो. माणसालाही जखमेतून होतो, हात धूत जा. आजारी वेगळे काढायचे, दारात चुना टाकायचा, निरोग्यांना आधी खायला घालून मग आजाऱ्यांना. सुई टोचूनही जे उठणार नाही, त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, निळीचा ठिपका द्यायचा. पुढचे यशया करील. ठिपका देणे माझे काम.

मी चाचरलो, तेव्हा ते म्हणाले, “एकीचा जीव बघू नका, मास्तर. कळप बघा.”

१६ जानेवारी

मंदाक्रांतेला ठिपका दिला. यशयाने गुळाचा खडा पुढे धरला, जिभेने हळूच चक् चक् केले, आणि ती बिचारी पाय ओढत त्याच्यामागे विहिरीपलीकडच्या खड्ड्याकडे गेली. तो इतका गोड वागतो तेव्हाच त्याची भीती वाटते.

संध्याकाळी मालिनीच्या कुशीवर चट्टे. ती तर निरोगी कप्प्यात होती. रोग तिकडे नेतो कोण? यशयाच्या हाताकडे लक्ष ठेवले पाहिजे.

१९ जानेवारी

पृथ्वीही पडली. मी यशयाला स्पष्ट विचारले, आजाऱ्यांकडून तसाच इकडे येतोस ना? तो माझ्या काठीकडे पाहत राहिला.

“मी हात धुतो, मास्तर. काठी कुणी धुतो व्हय?”

उद्धट माणूस. मुकी जनावरे कविता ऐकायला जवळ येतात, त्यांच्या पाठीवरून काठी फिरवायची नाही? तरी आज बाहेरूनच पाहिले. परवा कुंपणाच्या तारेने अंगठा कापला होता तो ठणकतो आहे.

मी जवळ गेलो की नवरा-बायको बोलायचे थांबतात.

२१ जानेवारी

अंगठा सुजून जांभळा. अंगात ताप. काठी कुठे दिसत नाही.

जेवण फार उशिरा आले. खिडकीतून पाहत होतो. आधी ती दोघे जेवली, मग माद्यांना घातले, मग आजारी कप्पा. त्यानंतर माझे ताट.

उंबऱ्याशी चुना पसरला आहे. हन्ना म्हणते, मुंग्या लई झाल्यात.

२२ जानेवारी

सदरा धुऊन आला. पांढराशुभ्र. पाठीवर मात्र निळीचा एक ठिपका, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. हन्ना म्हणाली, नीळ जरा जास्त पडली, धुतल्यावर जाईल. माझ्याकडे न बघता म्हणाली.

अंगातला तिने धुवायला नेला, आणखी सदरा नाही. तोच घातला आहे—

२३ जानेवारी

पोटावर हात फिरवला. बोटांना आधी लागले. डोळ्यांनी बघायचे धाडस—

डॉक्टरांना निरोप धाडलाय म्हणतो यशया. कुणाबरोबर, ते सांगत नाही.

विहिरीपलीकडे कुदळ वाजते आहे. मी विचारले, आता कुठली पडली? तो म्हणाला, न्हाई, सगळ्या झ्याक हायत, खात्यात. मग खड्डा— कुणासाठी— लांबट आहे—

चुन्यापलीकडे उभा राहून, अगदी मायेने म्हणाला, “कळपाचं बघावं लागतंय, मास्तर.”

२४ जानेवारी

आजही ताट सगळ्यांच्या नंतर. भाकरी नाही. फक्त गुळाचा खडा.

पाय ताठले आहेत. लहानपणची कविता म्हणून पाहतो. पहिली ओळ येते. दुसरी—

बाहेरून कडी काढली. दारात हळूच, जिभेने, चक् चक्—

आणि माझे पाय—