हळदीची एस.टी.

फलटण, १२ जानेवारी २०२५

ती. सौ. क्रांतीताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या मल्हारच्या लग्नाची पत्रिका मिळाली. फोनवर धड बोलत नाही म्हणून रागावलीस, पण माझे सासरे, भाऊसोमामा, दिवसभर समोरच बसलेले असतात. बोलू कशी? म्हणून हा कागद.

दिवाळीच्या पाडव्याला गोठ्यात त्यांचं हृदय बंद पडलं. कॉलेजच्या शिबिरात शिकले होते तशी मी रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहिले. दोन बरगड्या मोडल्या, पण माणूस परत आला. आता छातीत यंत्र बसवलंय. पुन्हा तसं झालं तर तेच झटका देईल, असं डॉक्टर म्हणतात. मामांना ते पटत नाही. पोरी, तू हायस तवर मी हाय, एवढंच म्हणतात. ते आंघोळीला गेले की मी दाराबाहेर उभी. मी दुकानात गेले की ते रस्त्यावर. सैन्यात हवालदार होते गं ते! परवा लग्नाचा विषय काढला, तर ढसाढसा रडले. मला त्यांचा राग येतो आणि त्या रागाची लाजही वाटते. काय करू, सांग.

आईला यातलं काही कळवू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझी,
पल्लवी

तासगाव, २० जानेवारी

चि. सौ. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

वाचून जीव गलबलला. बाई गं, त्यांना सोडवलंस आणि स्वतः अडकलीस. पण एकुलत्या एका भावाची करवली घरात बसली, तर मी जन्मभर बोलणार नाही! तुझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना छाती दाबायला शिकव. सासूबाई भाकरी थापतात त्या जोरानं दाबतील, तर यमसुद्धा उंबऱ्यातून माघारी फिरेल.

आमच्या शेजारच्या गुरुजींचंही असंच झालं होतं. मरणाच्या दारातून आलेली अशी माणसं साताऱ्यात एका दवाखान्यात महिन्यातून एकदा जमतात. तिथं ते सावरले. मामांना घेऊन जा. हळद पंधरा फेब्रुवारीला आहे. तुझ्या वाटेकडे डोळे लावून,

ताई

फलटण, १८ फेब्रुवारी

सौ. क्रांतीताईंना भाऊसोचा नमस्कार, वि. वि.

पल्लवी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

साताऱ्याला गेलो होतो. माझ्यासारखी सात माणसं भेटली. एक बाई अजून न्हाणीघराची कडी लावत नाहीत. आपण एकटे नाही हे कळून लय बरं वाटलं. सुनेला हळदीला पाठवतो, असा सगळ्यांसमोर शब्द दिला. घरातली सगळी छाती दाबायला शिकली. तिची बॅग मीच स्टँडवर नेली.

ती गाडीत बसली. कंडक्टरनं घंटी दिली. छातीत यंत्र आहे, पोरगा रविराज शेजारी उभा आहे, सगळं कळत होतं. तरी मी एस.टी.पुढं जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लोक ओरडत होते, रविराज ओढत होता. मला हलता येईना. मग तीच खाली उतरली. माझा हात धरून, चला मामा, घरी जाऊ, एवढंच म्हणाली.

रविवारी तिकडं अक्षता पडल्या तेव्हा ती इथं भाकरी करत होती, मी समोर बसलो होतो. एकदा तरी चिडली असती! आज ती दळणाला निघाली, तर मी पुन्हा चपला शोधायला लागलो.

तुमचा लोभ मागायला मला तोंड नाही. एवढंच करा, इथं येऊन तिला माहेरी घेऊन जा. मी आडवा येईन. माझं ऐकू नका.

आपला,
भाऊसो