बोरमाळीचा बंदोबस्त

१९ सप्टेंबर
जोतीरामच्या घरी चोरी. नवरा-बायको औंधला यमाईच्या दर्शनाला गेले होते. परत आले तर कपाट उघडं, पाटल्या गायब. आमच्या ज्येष्ठांच्या कॉलनीतली ही तिसरी चोरी. सुरक्षा समितीचा अध्यक्ष मी. राजीनामा कोणी मागितला नाही. मीही विषय काढला नाही.

२० सप्टेंबर
मीटिंग घेतली. फौजेत आयुष्य काढलेला सुभेदार आहे, चोरांना घाबरत नाही, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. बऱ्याच जणांची कानाची मशीन घरी राहिली होती. आजपासून रोज दोन राउंड.

२१ सप्टेंबर
गुडघा. राउंड स्थगित.
वीरधवलचा पुण्याहून फोन. आईची बोरमाळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा म्हणाला. पोराला बंदोबस्तातलं काही कळत नाही. साळूबाईनं जाताना एकच सांगितलं होतं, बोरमाळ शिवांजलीच्या गळ्यात घाला. नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. साळूबाईला जाऊन दोन वर्षं झाली. लोक विचारतात, कसं वाटतं. काही वाटत नाही. चहा तेवढा उरतो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
जागा सापडली. साळूबाई घट बसवायची म्हणून मीही बसवतो. परडीत काळी माती, मातीत धान्य, वर पाण्याचं मडकं. बोरमाळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मातीच्या तळाशी पुरली. बसलेला घट दसऱ्यापर्यंत कोणी हलवत नाही. चोर झाला तरी याच मुलखातला, देवीला भिणारच. वीरधवलला कळवलं नाही. गुप्तता महत्त्वाची.

२५ सप्टेंबर
धान्य तरारून आलं. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, सुभेदार, तुमचा घट लय जोरात हाय. देखरेख, मी म्हणालो.
दारावर कॅमेरा बसवला. मोबाइलवर कसा बघायचा ते जमत नाही. चोराला ते कुठं माहीत.

२८ सप्टेंबर
राउंड उद्यापासून.

३० सप्टेंबर
राउंडचं दसऱ्यानंतर बघू. सगळ्या कॉलनीचे घट यंदा एकत्र नदीवर न्यायचे ठरलं. कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाला दिसत नाही. टेम्पो सांगितला. नियोजन अर्थातच माझ्याकडे.

२ ऑक्टोबर, दसरा
नियोजन उत्तम. टेम्पो वेळेवर. सगळ्यांत आधी माझाच घट उचलून आत ठेवला, अध्यक्षानं उदाहरण घालून द्यावं लागतं. जोतीरामला उशीर झाला, त्याला चारचौघांत बोललो. माहुलीला सगळे घट मी स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडले. टोपीत तुरा खोवून ताठ मानेनं परत आलो.
दुपारी धोंडुबाईंनी आपट्याची पानं हातात ठेवली. सोनं घ्या म्हणाल्या.
तेव्हा आठवलं.
रिक्षा करून पुन्हा नदीवर गेलो. पाणी बरंच होतं.

३ ऑक्टोबर
सकाळी परत माहुली. जोतीराम मागोमाग आला. काय शोधताय म्हणाला. चष्मा, मी म्हणालो. चष्मा डोळ्यांवर होता. तो पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याबरोबर चिखल चाचपत राहिला. काल त्याला उगीच बोललो.

५ ऑक्टोबर
चोर सापडला. सांगायला हवालदार कॉलनीत आला होता. जोतीरामच्या पाटल्या परत मिळणार. नवरात्रात चोर माझ्याही घरात शिरला होता म्हणे. मी झोपलो होतो. हवालदार हसत म्हणाला, "आवं सुभेदार, त्यानं कपाट समदं धुंडाळलं. मग घट दिसला, तवा हात जोडलं आन् गेला. तुमचं कायबी गेलं न्हाई."
म्हणजे बंदोबस्त चोख होता. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.
शिवांजलीला कळवायचं आहे. फोन दोनदा हातात घेतला, ठेवला. कसं सांगायचं, ते साळूबाईला विचारलं असतं.