कुलूप तसंच आहे

६ जुलै १९५३, सोमवार

आज पुन्हा नकार! शाळेचे चेअरमन बाळासो म्हणाले, "बाई, पोरींच्या हातात पुस्तकं दिली की हळदीचे हात लागणार. दसऱ्याला कपाटाची पूजा होतीया, तेवढं पुरे की!"

गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट, आणि आम्ही त्याला वर्षातून एकदा हार घालतो. किल्ली बाळासोंच्या कमरेला. सातवीतल्या मुलीला विचारलं, गोष्टी वाचतेस का? म्हणाली, "कुठल्या परीक्षेला हायत, बाई?"

मी हेडमिस्ट्रेस की कपाटाची राखणदार?

८ जुलै, बुधवार

कमिटीचा ठराव पुन्हा वाचला. 'परवानगीशिवाय कुलूप उघडू नये.' ठीक. आकाराम सुताराला बोलावलं आणि बिजागऱ्या काढायला लावल्या. तो हसतच सुटला — "कुलूप तसंच ऱ्हातंय की! बाई, तुमी वकील व्हायला पायजे हुता."

दोन्ही दारं कुलपासकट भिंतीला टेकवून ठेवली. मुली लांबच उभ्या. हात लावू का, विचारतात! म्हटलं, "लावा, घरी न्या. न वाचता परत आणलंत तर छडी!"

१० ऑगस्ट, सोमवार

एका पुस्तकाला शेणाचा वास, दुसऱ्यावर तेलाचा डाग. एकीनं म्हशीमागं हिंडताना वाचलं. शेवटचं पान म्हशीनं खाल्लं. "शेवट काय हुता, बाई?" म्हटलं, तूच रच. रचून आणला. मूळचा इतका चांगला नव्हता!

२१ सप्टेंबर, सोमवार

बाळासोंना कळलं. भिंतीला टेकवलेल्या दारांचं कुलूप हातात धरून उभे. "बाई, ही चलाखी?"

"कुलूप उघडलेलं नाही."

ओरडले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं, मनात काहीतरी आहे. अट घातली: दसऱ्याच्या पूजेआधी मोजणी. एक जरी पुस्तक कमी भरलं तर माझा राजीनामा.

भरेल. माझ्या मुली आहेत.

१४ ऑक्टोबर, बुधवार

एक कमी.

विमलकडचं. विमल म्हणजे बाळासोंचीच नात! वर्गाबाहेर घेऊन विचारलं. "हरवलं, बाई." खोटं बोलताना ही वेणीचं टोक चावते. मी आवाज चढवला. रडली, पण पुढं अक्षर नाही.

बाळासोंना कुणाकडचं ते ठाऊक नाही. म्हणाले, "आता पुस्तक आणून ठेवलंत तरी चालायचं न्हाय. कुणाच्या घरात ऱ्हायलं, त्याचं नाव पायजे. नाव द्या, तुमची नोकरी शाबूत. न्हाईतर उद्या संध्याकाळी राजीनामा."

नाव सांगायचा मोह झाला. त्यांचं तोंड पाहायला मिळालं असतं!

पण विमल एवढी का रडली?

१५ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी मागच्या दारानं विमलची आई आली. पदराखाली पुस्तक. पाहते तर बना! आधीच्या गावच्या शाळेत माझ्याच वर्गातली. लग्नासाठी चौथीतून काढली होती. तेव्हा तिच्या बापाशी भांडले होते, हरले होते.

"मामंजींच्या नजरंला पडू नये म्हणून कणगीत, जोंधळ्याखाली ठिवत हुते. अक्षरं जुळवत वाचायचं, वेळ लागतोय बाई. पोरीनं माझ्यासाठी तोंड उघडलं न्हाय. तुमी माझं नाव सांगा. बोलतील, आणि काय!"

बोलून थांबणारे नव्हेत. विमलचीही शाळा सुटेल.

"वाचून झालं?" मी विचारलं.

"न्हाय. थोडं ऱ्हायलंय."

पुस्तक तिच्याच पदराखाली परत ढकललं.

संध्याकाळी राजीनामा दिला. कारण लिहिलं — पुस्तक माझ्या हातून हरवलं. बाळासोंनी समाधानानं घडी घातली.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दार उघडलं तर ओसरीवर मुली. पुढं विमल. "बाई, आई इचारतीया — ते संपलं की दुसरं कुठलं वाचू?"