सगुणापणजीचं लग्न

अल खर्ज, सौदी अरेबिया, शुक्रवार

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहितो. तुमची पणजी सगुणा ही मॅक्रे साहेबाची लग्नाचीच बायको होती. नोंद सापडली.

वीस वर्षं तुम्ही इंग्रजांच्या चर्चची दप्तरं चाळलीत. आमच्या डेअरीतला जनावरांचा डॉक्टर ईअन स्कॉटिश आहे. तो हसून म्हणाला, "मॅक्रे म्हणजे आमच्यातलाच, स्कॉटिश. आमचे शेतकरी तिथे कशाला लग्न लावतील? आमचं चर्च वेगळं!" साहेबांतही पोटजाती असतील, हे आपल्याला सुचलंच नाही.

आज त्या चर्चच्या वहीतलं पान ईमेलनं आलं. साल १८७१. वर मॅक्रे, बटाट्याचा शेतकरी, मुक्काम पाचगणी. वधूच्या रकान्यात सगुणा आणि तिच्या हातची फुली. तुमची नात नूपुर मला ओरडून म्हणाली, "बाबा, शी वॉज हिज वाइफ!"

"साहेबानं ठेवलेली," असं भर पंगतीत तुम्हाला ऐकवणारे वसंतमामा सध्या आईकडेच आहेत. फोन स्पीकरवर टाकायला सांगून मी सगळं वाचलं. मामा नुसते "बरं" म्हणाले.

भावापुढे कधी न बोललेली आई म्हणाली, "दादा, नीट ऐकलंस ना? अमोघ, पुन्हा वाच. मोठ्यानं. फोन यांच्या फोटोसमोर धरते."

तुमचा,
अमोघ